पित्ताशयाच्या वाटाघाटी

पित्ताशयात खडे निघाले म्हणून खूश झालेला माणूस सहसा बघायला मिळत नाही. तडजोडे खूश झाले होते. अर्थात सोनोग्राफीच्या टेबलावर नव्हे. तिथे पोटावर गारगार जेल चोपडलेलं असताना त्यांचीही पाचावर धारण बसलीच होती. खूश झाले ते पुढच्या रविवारी, जेव्हा त्यांचा मुलगा आणि मुलगी अडीच वर्षांनी एका खोलीत, एकाच टेबलाशी बसली.

तडजोडे हे त्यांचं आडनाव नव्हे. कामगार खात्यात त्यांची उभी हयात मालक आणि संघटना यांच्यात समेट घडवण्यात गेली, आणि कचेरीतल्या कोणा चहाटळ माणसाने ठेवलेलं हे नाव त्यांना असं चिकटलं, की निरोपाच्या समारंभात मोठे साहेबही भाषणभर तेच म्हणत राहिले. त्यांना खरं आडनाव ठाऊकच नव्हतं.

त्यांची कामाची रीत सोपी होती. निकाल आपण कधी द्यायचा नाही. दोन्ही पक्षांना फक्त टेबलाशी बसवून ठेवायचं. माणसं भांडायला का होईना समोर येतात तोवर आशा असते, यायची थांबली की कारखान्याला कुलूप. म्हणून एक बाजू वरचढ होऊ लागली की तडजोडे हळूच दुसरीच्या पारड्यात काहीतरी टाकायचे. घोंगडं भिजत ठेवण्यात त्यांचा हात धरणारं खात्यात कोणी नव्हतं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

कुलूप लागलं ते त्यांच्या घराला.

मुलगा एका मोठ्या गोदामाचा प्रमुख. वर्षभर जागचा हलला नाही तो माल बाहेर, हा त्याचा नियम, आणि तो त्याने गोदामापुरता ठेवला नाही. आई गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी येऊन त्याने तिचं कपाट रिकामं केलं. कपडे, चपला, औषधं, अर्धवट विणलेला स्वेटर, चष्मा, सगळं. मनात वाईट काहीच नव्हतं. संध्याकाळी मुलगी आली. ती शाळेत चित्रकला शिकवते, आणि तिच्या घरी संपलेल्या रंगांच्या नळ्यासुद्धा जपून ठेवलेल्या असतात. तिने कपाट उघडलं. आत कोरा कागद अंथरलेला होता.

ती म्हणाली, "विचारलं असतंस तर?"

तो म्हणाला, "कोणीतरी करायलाच हवं होतं."

झालं. या दोन वाक्यांनंतर बहीणभाऊ एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. तडजोडे तेव्हा तिथेच होते. ते तटस्थ राहिले आणि त्यांनी चहा टाकला. तेव्हापासून मुलगा शनिवारी यायचा, मुलगी बुधवारी, आणि एकाने आणलेली फळं दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून तडजोडे ती भराभर संपवायचे.

अशात एक दिवस उजव्या बरगडीखाली कळ आली, तपासण्या झाल्या आणि खडे सापडले. सर्जनबाई तरुण होत्या, बोलायला तोडून टाकल्यासारख्या. "काका, एकदा दुखलंय म्हणजे परत दुखणार. माझा सल्ला विचाराल तर पित्ताशय काढून टाका. दुर्बिणीतून होतं, दोन दिवसांत घरी. पण अगदी आजच्या आज असं नाही. घरात बोला, ठरवा, मग या."

घरात बोला! एवढे दोन शब्द ऐकले आणि तडजोडेंच्या अंगात जुना उत्साह संचारला. बाहेर येऊन त्यांनी दोघांनाही फोन केला, तोही दुसऱ्याला बोलावलंय याचा ताकास तूर न लागू देता. रविवार, सकाळी अकरा. विषय, पित्ताशय.

मुलाने खुर्ची ओढून सुरुवात केली. "बाबा, यात विचार करण्यासारखं आहे काय? बिघडलंय ना? मग काढून टाका. त्रास देणारी वस्तू ठेवायचीच कशाला?"

मुलगी खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा, त्याला सांगा, एकदा काढलं की परत आणता येत नाही."

"बाबा, तिला सांगा, परत कोणी मागतही नाही."

"आज नाही मागत. नंतर आठवण येते."

"कोणाला? पित्ताशयाची?"

बोलणं नक्की कशाबद्दल चाललंय हे न कळण्याइतके तडजोडे कच्चे नव्हते. पण टेबलावर विषय पित्ताशयाचा असेल तर बोलणं पित्ताशयाचंच चाललंय असं धरून चालायचं, हाही त्यांच्या धंद्याचा दंडकच होता. त्यांनी तीन कप चहा ओतला. या घरात पुन्हा कधी तीन कप लागतील असं त्यांना वाटलं नव्हतं. "आज काही ठरत नाही असं दिसतं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी बसू."

मग रविवारांमागून रविवार गेले. मुलगा शस्त्रक्रियेच्या बाजूने, मुलगी विरुद्ध, आणि तडजोडे मधोमध, चेहरा गंभीर आणि मनातून हरखलेले. एका रविवारी मुलगा सर्जनबाईंना स्वतः भेटून, सगळे मुद्दे घोकून आला आणि मुलगी निरुत्तर होते की काय असं वाटू लागलं. तेव्हा तडजोडेंनी घाईघाईने भूल देण्याबद्दल आपल्याला कशी भीती वाटते ते सांगितलं. पुढच्या खेपेला मुलीने उकडलेल्या भाज्यांचे डबे आणले आणि पथ्यावर असताना बाबा कसे ठणठणीत दिसतात हे मुलालाही नाकारता येईना; तेव्हा तडजोडेंनी बरगडीवर हात ठेवून एक सुस्कारा सोडला. तराजू सरळ. चहा. पुढचा रविवार.

अडचण एवढीच होती, की पित्ताशयाला वाटाघाटींचे नियम माहीत नव्हते.

कळा पुन्हा यायला लागल्या. पहिली एका मंगळवारी, चीजच्या सँडविचनंतर. बरगडीखाली कोणीतरी मूठ घालून पिळावं तशी, तिथून थेट उजव्या खांद्याच्या मागे. तडजोडे वॉशबेसिन घट्ट धरून उभे राहिले. नळ सोडून ठेवला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. घरात ऐकायला चिटपाखरू नव्हतं, तरी सोडला. कळ ओसरली तेव्हा सदरा घामाने चिंब झाला होता. मुलाला सांगावं असं एकदा मनात आलं, पण सांगितलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. मुलगा जिंकला असता, पित्ताशय गेलं असतं, आणि मग मुलगा पुन्हा शनिवारी, मुलगी पुन्हा बुधवारी. त्यापेक्षा खडे परवडले. तडजोडेंनी सदरा बदलला आणि या कानाची खबर त्या कानाला लागू दिली नाही. पुढच्या कळांचीही नाही.

खरा धक्का बसला तो वेगळ्याच बाजूने. बैठका थंड पडायला लागल्या. मुलगा उशिरा यायचा, "बघा, तुम्हाला पटेल तसं," म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालायचा. मुलगीही पूर्वीसारखी तावातावाने बोलेना. गुपचूप कप विसळून ठेवायची आणि निघायची. तडजोडेंनी असे पक्ष पाहिले होते. भांडण मिटलेलं नसतं, माणसं फक्त थकलेली असतात, आणि एक दिवस येतच नाहीत. मग एका शुक्रवारी मुलाचा फोन आला.

"बाबा, या रविवारी नाही आलो तर चालेल ना? नाहीतरी ठरत तर काहीच नाहीये."

तडजोडेंच्या तोंडचं पाणी पळालं. "ये रे बाबा. हा रविवार महत्त्वाचा आहे."

"का? काय झालं?"

"ये तर खरा."

बोलून तर बसले, आता महत्त्वाचं आणायचं कुठून? त्यांनी विचार केला. मुलाची बाजू ढिली पडली होती, तिला जोर यायला हवा होता. कारखान्यात अशा वेळी संघटना काय करते? लाक्षणिक संप. एकाच दिवसाचा, शांततेत, घोषणाही माफक. मालकाला फक्त आठवण करून द्यायची की आम्ही आहोत. तसंच एक छोटंसं, नीटनेटकं, चारचौघांत शोभेल असं दुखणं, साधारण सव्वाअकराला सुरू होऊन पावणेबारापर्यंत आटोपणारं, यायला काय हरकत होती? मुलगा पेटून उठेल, मुलगी घाबरून जास्त ठाम होईल, आणि आणखी निदान दोन महिन्यांची सोय होईल. इतकी वर्षं संप मिटवण्यात घालवलेल्या माणसाला संप घडवून आणायची ही पहिलीच संधी होती, आणि नवशिक्याचा सगळा आत्मविश्वास त्यांच्या अंगी होता.

रविवारी सकाळी त्यांनी बटर वितळवलं. त्यात चार अंडी फोडली, वर क्रीम ओतलं, उरलेल्या बटरमध्ये पाव परतले. कित्येक महिन्यांच्या उकडलेल्या भाज्यांनंतर ते इतकं चविष्ट लागलं, की मूळ हेतू विसरून त्यांनी तवाही पुसून खाल्ला.

संप साडेदहालाच सुरू झाला आणि तो लाक्षणिक नव्हता. अकरा वाजता बेल वाजली तेव्हा तडजोडे बाथरूमच्या फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. मुलीने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. "बाबा!" ही तिची हाक त्यांनी ऐकली, आणि पाठोपाठ जिन्यावर मुलाची पावलं. मग दोघांनी मिळून त्यांना उचललं.

"तू खांदे धर."

"धरलेत. तू पाय सांभाळ, ताई."

"दार ढकल. अरे, दार!"

दुखण्याने डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती, तरी तडजोडेंच्या कानांनी नेमकं तेच टिपलं. मध्ये कुठेही "बाबा, त्याला सांगा" नव्हतं.

इस्पितळात सर्जनबाईंनी बरगडीखाली बोटं रोवली आणि श्वास घ्यायला सांगितला. श्वास अर्ध्यातच अडकला. "ताप आहे. सूज आहे. आधी किती वेळा दुखलं होतं?"

"एकदाच," मुलगा आणि मुलगी एकदम म्हणाली.

"काका?"

तडजोडेंनी छताकडे बघत एका हाताची पाची बोटं वर केली. मग थोडं थांबून दुसऱ्या हाताचंही एक.

"आणि आज सकाळी काय खाल्लंत?" बाईंनी विचारलं. तडजोडेंनी खरं ते सांगितलं. क्रीमपर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज अगदीच बारीक झाला होता.

"अहो, पण का?" मुलगी जवळजवळ ओरडली. "सगळं माहीत असून? घरात बटर आलंच कुठून?"

"रविवार होता," तडजोडे म्हणाले.

याचा अर्थ सर्जनबाईंना लागला नाही आणि त्यांना तो लावायला वेळही नव्हता. मुलांना मात्र तो लागला. "ऐका," बाई म्हणाल्या, "मार्ग दोन आहेत. उद्या सकाळी काढून टाकू, मी तर हेच सांगेन. किंवा औषधांनी सूज उतरवू आणि सहा आठवड्यांनी काढू. तसंही करतात. मधल्या काळात परत दुखू शकतं, धोका आहे. काय ते ठरवा, मी पाच मिनिटांत येते."

बाई गेल्या. तडजोडेंनी डोळे मिटले. पुढे काय होणार हे त्यांना तोंडपाठ होतं.

"घाई नको," कोणीतरी म्हणालं. "सूज उतरू दे. एकदा काढलं की परत आणता येत नाही."

तडजोडेंनी डोळे उघडले. हे बोलला होता मुलगा.

"अजिबात नाही," मुलगी म्हणाली. "उद्या म्हणजे उद्या. इतका त्रास देणारी वस्तू ठेवायचीच कशाला?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतके रविवार समोरासमोर बसून दोघांनीही एकमेकांना मुकाट्याने पटवून टाकलं होतं, आणि कबूल करायला मात्र कोणी तयार नव्हतं. बैठका थंड पडल्या होत्या त्या थकव्याने नव्हे. दोन्ही बाजूंचे मुद्दे संपले होते, कारण दोघांनाही समोरच्याचेच मुद्दे खरे वाटायला लागले होते. आणि हे न ओळखता खात्यातला सर्वांत मुरलेला मध्यस्थ बटर वितळवत बसला होता.

"तूच म्हणत होतास ना, काढा म्हणून?" मुलगी म्हणाली.

मुलगा खिडकीकडे वळला. "म्हणत होतो. पण मी एकदा घाई केली होती."

मुलगी त्याच्या पाठीकडे बघत होती. तिच्या हातात तडजोडेंचे बूट होते, केव्हापासून कोण जाणे. मुलाच्या शर्टावर ओकारीचे डाग होते आणि ते पुसायचं त्याला सुचलेलं नव्हतं. अचानक दोघंही पलंगाकडे वळली.

"बाबा, तुम्हीच सांगा."

सहा आठवडे. म्हणजे सहा रविवार. तडजोडेंच्या मनाने हा हिशेब बाई बोलत असतानाच करून ठेवला होता. मागितलेले नाहीत, ओढूनताणून मिळवलेले नाहीत, डॉक्टरांनी आपण होऊन पदरात टाकलेले. तीन कप, सहा वेळा. शिवाय पक्षांची अदलाबदल झाल्यामुळे सगळा वाद पहिल्यापासून नव्याने मांडता आला असता. एवढी चालून आलेली तहकुबी त्यांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

त्यांनी पुन्हा मुलाच्या पाठीकडे पाहिलं. तो जे बोलला होता ते इतकी वर्षं कोणाला तरी ऐकायचं होतं, आणि ते बोलायला त्याला पित्ताशयाचा आडोसा लागला होता. आडोसा आपणच धरून ठेवलाय, हे तडजोडेंना त्या पलंगावर पहिल्यांदा दिसलं. आपली लाजही वाटली आणि भीतीही. आडोसा काढल्यावर ही दोघं उरतील, की निघून जातील?

"उद्या काढा," ते म्हणाले. हयातीत त्यांनी स्वतः दिलेला हा पहिला निकाल.

पित्ताशय निघालं. सर्जनबाईंनी एका छोट्या बाटलीत खडे आणून दाखवले. दिसायला अगदीच सामान्य होते. एवढ्या वाटाघाटी ज्यांच्यावरून झाल्या ते हेच का, असं वाटावं असे. "आता पित्ताशयाची काही उणीव भासणार नाही तुम्हाला," बाई म्हणाल्या. तडजोडेंनी मान डोलावली, पण त्यांना त्याची आतापासूनच भासत होती.

घरी आल्यानंतरच्या रविवारी त्यांनी टेबलावर तीन कप मांडले. मग दोन उचलून आत ठेवले. थोड्या वेळाने परत आणले. बोलावणं कोणालाच नव्हतं, आणि यायला कारणही नव्हतं. अकराला दहा मिनिटं असताना मुलगी आली. सव्वाअकराला मुलगा आला. दोघं आपापल्या खुर्चीत बसली आणि घरात अशी शांतता पसरली, की भिंतीवरचं घड्याळ उगाच मोठ्याने चालतंय असं वाटावं.

"टाके कसे आहेत?" "बरे आहेत." "जेवण जातं?" "जातं." झालं, पित्ताशय संपलं. मुलगा खुर्चीच्या हातावर बोटं वाजवू लागला. मुलीने पर्स मांडीवर घेतली. उठायच्या आधी माणसं काय काय करतात हे तडजोडेंना पुरतं माहीत होतं. ते खाकरले. तयारीनिशीच बसले होते ते; उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय असं कोणीतरी कधीतरी म्हटलं होतं.

"डोळ्यांचंही एकदा बघायला हवं," ते म्हणाले. "म्हणजे ऑपरेशन करावं की न करावं, यावर दोन मतं..."

"चष्मा कोणाला दिलास?" मुलीने विचारलं. ती सरळ भावाकडे बघत होती.

"कुठला?"

"आईचा."

मुलाची बोटं थांबली. "दवाखान्याच्या दारात एक पेटी होती. जुने चष्मे टाका, म्हणून. त्यात टाकला."

"डबीसकट?"

"डबीसकट."

"त्या डबीच्या आत मी मांजर काढलं होतं. लहानपणी, रंगीत खडूने. आईने ते कधी पुसलं नाही."

"मला माहीत नव्हतं, ताई."

"विचारलं असतंस तर कळलं असतं!" तिचा आवाज चढला. "एक फोन! एक फोन करायला काय जात होतं तुझं?"

"आणि तू कुठे होतीस?" मुलगाही उसळला. "मी रोज येत होतो. रोज संध्याकाळी! बाबा ते कपाट उघडून नुसते उभे असायचे. हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. मला बघवेना, कळतंय का तुला? मला नाही बघवलं!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगणार? तू कोणाचा फोन तरी घेत होतीस का?"

हे आपल्याबद्दल चाललंय, हे कळायला तडजोडेंना क्षणभर वेळ लागला. मग सवयीने त्यांचा उजवा तळवा वर आला, ज्या तळव्याने अनेक कारखान्यांतल्या आरोळ्या शांत केल्या होत्या. "मला वाटतं, दोन्ही बाजूंनी थोडं..." पण टाका असा काही ओढला गेला, की वाक्य तोंडातच राहिलं. तसाही त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. ते भिंतीला धरून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मागे दार लोटून घेतलं. चालू बैठक अध्यक्षाने अर्ध्यात सोडल्याचं उदाहरण त्यांच्या आठवणीत नव्हतं.

दाराआड ते ओट्याला टेकून उभे राहिले. आवाज चढले, एकमेकांवर आदळले. स्वेटरचं नाव निघालं, चपलांचं निघालं, कोणत्या तरी वाढदिवसाला न आल्याचं निघालं. मग मुलीचं रडणं ऐकू आलं. मग मुलाने नाक शिंकरल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. ती शांतता काही तडजोडेंना सोसेना. त्यांनी दारावर हात ठेवला आणि ते जेमतेम बोटभर उघडलं.

"बाबा, तुम्ही मध्ये येऊ नका," दोघं एकदम म्हणाली.

तडजोडेंनी दार परत लावून घेतलं. इतक्या वर्षांत दोन्ही पक्षांचं एकमताने ठरलेलं हे पहिलं कलम होतं, आणि त्यावर सही करायला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं, तीन कपांचं.